जंप दिला की सुरू व्हायची

वडिलांची 2004 सालची पेट्रोल गाडी मी अजून चालवतो. आईला डोळ्यांसाठी चिपळूणहून कराडला न्यायचं, हे तिचं मुख्य काम. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परतताना कोयनानगरला चहाला थांबलो, निघताना सेल मारला, तर नुसतं ‘टक्’. पुन्हा ‘टक्’. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन जागचं हलेना. बाहेर धो धो पाऊस, मागच्या सीटवर आई डोळ्याला पट्टी लावून बसलेली. टपरीवरच्या चौघांनी धक्का दिला, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी लगेच सुरू झाली.

पुढचे दहा दिवस काही नाही. गॅरेजमध्ये नेली की हमखास पहिल्या सेलला सुरू. आजारी माणूस डॉक्टरांसमोर ठणठणीत दिसावा तसं. न दिसणाऱ्या दोषाचं निदान फिटरने तरी कसं करायचं? आधी बॅटरी बदलली. महिन्याने पुन्हा तेच. मग स्टार्टर, म्हणजे सेल मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, उतरवून तिचे कार्बन आणि बुश नवे टाकले. दोन आठवडे बरे गेले, आणि एका दुपारी बाजारात परत ‘टक्’.

बॅटरीवरच सगळ्यांचा संशय, कारण दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल जोडून जंप दिला की आमची दर वेळी सुरू व्हायची. मलाही ते पटलं होतं. पण नव्या बॅटरीला जंप का लागावा, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मग एक वही केली. दर वेळी गाडी अडली की लिहायचं: इंजिन गार की गरम, आवाज कसा आला, सेल मारताना हेडलाइट मंद झाले का, आणि शेवटी कशाने सुरू झाली. आठ-नऊ नोंदींत चित्र स्पष्ट झालं. अडायची ती कायम तासभर चालून गरम झाल्यावर. हेडलाइट जवळजवळ तसेच राहायचे. धक्क्याने हटकून सुरू व्हायची, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक. बॅटरी मेलेली असती तर सेल मारताना दिवे विझत आले असते. करंट होता, तो स्टार्टरपर्यंत पुरेसा जात तरी नव्हता किंवा तिथून परत तरी येत नव्हता.

परत येण्याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. बॅटरीची काळी वायर बॉडीला जोडलेली असते. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अर्थिंगची वेगळी पट्टी असते. स्टार्टरचा सगळा करंट त्या पट्टीतून परततो. आमच्या गाडीत ती बॅटरीच्या ट्रेखाली, वरून अजिबात न दिसणारी.

मल्टिमीटर आणला. बॅटरी 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.2. दोन्ही उत्तम. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर धरली आणि भाच्याला सेल मारायला सांगितलं. इथे 0.2 व्होल्टच्या वर जायला नको. आकडा आला 0.9. आणि हे केव्हा, तर सकाळी, गार इंजिनवर, गाडी व्यवस्थित सुरू होत असताना! दोष कधी तरी दिसत होता, पण होता रोजच. निगेटिव्ह टोक ते बॉडी मोजलं तर जेमतेम 0.05. म्हणजे चोर बॉडी आणि इंजिनच्या मधे.

स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. शंभर अँपिअरला ओहमचा शंभरावा भाग आडवा आला तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. सडलेला जोड तापला की रोध आणखी वाढतो, आणि स्टार्टरला फिरण्यापुरतं उरत नाही.

त्या संध्याकाळी मुद्दाम बहादूरशेख नाक्यापुढे लांब फिरवून आणली, बंद केली, सेल मारला. ‘टक्’. या वेळी तो आवाज ऐकून बरं वाटलं. जंपची फक्त काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या लोखंडावर. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू!

जंपचा उलगडाही तिथेच झाला. जंप देणारा प्रत्येक जण काळा चिमटा, नियमाप्रमाणे, इंजिनच्या लोखंडावर लावत होता. आम्हाला वाटायचं बॅटरी मिळाली. खरं तर मिळत होती परतीची वाट.

दुसऱ्या दिवशी वायरमनदादांनी ट्रे काढून ती पट्टी उतरवली. बाहेरून धड दिसत होती. टोकाजवळ वाकवली तर वरचं आवरण फाटलं आणि तळहातावर हिरवी पूड पडली, तांब्याच्या तारा बोटाने तुटत होत्या. पुडीत वाळलेली पिवळट मातीही होती. दादा म्हणाले, “ही तर पुरातली.” 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली, तेव्हा गाडी अर्ध्या दारापर्यंत पाण्यात होती. नंतर सीट, कार्पेट, ऑइल सगळं बदललं होतं. ही पट्टी कोणी उघडली नव्हती.

नवी जाड पट्टी टाकली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन लावलं. सेल मारताना मीटर 0.08. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला जाताना कोयनानगरला थांबलो तेव्हा आई म्हणाली, “गाडी चालूच ठेव रे.” मी बंद केली.