रोमाजीत चालेल, म्हणाली

कालपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. रोमन अक्षरांत लिहिलंत तरी चालेल हं. काउंटरवरची मुलगी इतक्या मऊ आवाजात म्हणाली की वाईट वाटून घ्यायला जागाच नाही, असं मी स्वतःला समजावतेय. तरी वाटलंच. ताईचा फोन आला तेव्हा तिला सांगावंसं वाटत होतं, पण तिच्याकडचा विषय वेगळाच निघाला. असो.

फॉर्म साधाच होता, पत्ता जपानी अक्षरांत लिहायचा. कानागावा-केन म्हणजे प्रांत लिहून झाला, कावासाकी-शी म्हणजे शहर झालं, आसाओ-कू या माझ्या वॉर्डाच्या नावातलं पहिलं अक्षर चाललं होतं. अकरा रेघांचं आहे ते, वेळ लागतो. मागे रांग नव्हती. हात अडलाही नव्हता, नुसता सावकाश चालला होता. तेवढ्यात काउंटरपलीकडून ते वाक्य आलं आणि पाठोपाठ कोरा फॉर्म. मी मान डोलावली, पत्ता रोमाजीत भरला, निघाले. दोन मिनिटांचं काम.

मला पुढचं अक्षर लिहायचं होतं. तेवढंच.

生. पाच रेघा. जपानीत चिनी लिपीतून आलेली जी अक्षरं असतात ती कांजी, आणि इथल्या पहिलीच्या मुलांना जी 80 कांजी शिकवतात त्यांतलं हे एक. पुण्यात शिकायला लागले तेव्हा गाकुसेई (विद्यार्थी) आणि सेन्सेई (शिक्षक) या शब्दांत ते भेटलं, दोन्हीकडे उच्चार सेई. मला वाटलं, आलं. मग कळलं, जगणं म्हणताना तेच अक्षर ‘इ’ होतं, जन्मणं म्हणताना ‘उ’, दाढी किंवा गवत उगवताना ‘हा’. वाढदिवसात ‘जो’, दुकानातल्या कच्च्या मासळीवर आणि बिअरच्या पाटीवर ‘नामा’. नेहमीच्या वापरातल्या अक्षरांच्या सरकारी जोयो यादीत 2136 कांजी आहेत आणि त्यात या एकट्याचे बारा उच्चार दिलेत. गावांच्या नावांत जे होतं ते वेगळंच. गुन्मातलं किऱ्यू, तोक्योच्या पश्चिमेचं फुस्सा, नारातलं इकोमा, सगळीकडे हेच अक्षर बसलंय आणि दर ठिकाणी आवाज निराळा. आपल्याकडे बाराखडी आली की पाटी वाचता येते. अर्थ कळो न कळो, तोंडातून शब्द तरी बरोबर बाहेर पडतो. इथे अर्थ समोर दिसत असतो आणि तोंड मिटलेलं राहतं.

रात्री याच गोष्टीवर रडू आलं. एवढी वर्षं घालवली, घरापासून इतकी लांब आले, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जाता आलं नाही, आणि इथे माझ्या हातात पेन बघून लोकांना माझी दया येते. परीक्षा पास झालेय ना मी? पण जेएलपीटीत, म्हणजे त्या जपानी भाषेच्या परीक्षेत, हातानं एक अक्षरही लिहायचं नसतं. दिलेल्या पर्यायांतून गोल काळा करायचा. फोनवरही ‘आसाओ’ टाइप केलं की दोन्ही कांजी आयत्या समोर येतात. हातानं लिहितेस का, असं मला कुणी कधी विचारलंच नाही, तरी मी चौकटींची वही घेऊन बसते. का बसते? कारण लिहिलं की ते अक्षर माझं होतं. वाचलेलं तसं होत नाही.

आज डब्याच्या वेळी ऑफिसातल्या फुकुओकाच्या सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यानं कागदावरचा माझा पत्ता बघितला आणि सहज वाचलं, ‘आसो-कू’. त्याच्याकडे ही दोन अक्षरं म्हणजे आसो. 2008 ते 2009 पंतप्रधान होते ते आसो. तेवढ्यात शेजारची साप्पोरोची मुलगी म्हणाली, आमच्याकडे हीच दोन अक्षरं आसाबू, भुयारी रेल्वेच्या नाम्बोकू लाइनचं शेवटचं स्टेशन. आणि मी म्हटलं, आसाओ. तिघं तीन उच्चार घेऊन बसलो होतो आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. विचारायचं, कळून घ्यायचं, पुढे जायचं. त्या दोघांचा जन्म इथला, तरी माझ्या वॉर्डाचं नाव त्यांना मी सांगितलं. दुपारभर जिवाला बरं वाटत राहिलं.

ती काउंटरवरची मुलगीही कदाचित... जाऊ दे. तिला मला लवकर मोकळं करायचं होतं. मला थांबायचं होतं, हे तिला कसं कळावं?

संध्याकाळी वही काढली. प्रत्येक चौकटीला तुटक रेघांनी चार घरं पाडलेली असतात. पाच रेघांचं ते अक्षर घेतलं. आधी डावीकडे छोटी तिरकी, ती शेवटी हलकी सोडून द्यायची. मग पहिली आडवी. मग उभी, वरून सरळ खाली. त्यानंतर उरलेल्या दोन आडव्या, मधली सर्वांत आखूड, तळाची सर्वांत लांब. उभी रेघ तळाच्या रेघेवर टेकायला हवी, खाली डोकावता कामा नये. एका ओळीनंतर तळाची रेघ स्थिर यायला लागली. मग नावातलं पहिलं, अकरा रेघांचं लिहिलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. आसाओ. दाट अक्षराशेजारी मोकळं अक्षर किती छान दिसतं, हे छापील पत्त्यात कधी जाणवलंच नव्हतं.

नव्या वर्षाची कार्डं अजून आणलेली नाहीत. एक कार्ड 85 येनचं, आणि 25 डिसेंबरपर्यंत टपालात टाकलं की 1 जानेवारीला घरपोच. बरेच जण पत्ते छापूनच घेतात. मी यंदा पाठवणारीचा पत्ता सगळ्या कार्डांवर हातानं घालणार आहे. साप्पोरोच्या मुलीचं कार्ड पहिलं.