ओट्याचा उतार आणि डावीकडे पळणारी टीटी-०२

मंडळी, सापडलं! तीन आठवडे माझी टीटी-०२, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, थ्रॉटल दिला की डावीकडे ओढत होती. त्यातलं निम्म्याहून जास्त दुखणं आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यात निघालं.

मागच्या वेळी सांगितलं होतं तसे वरचे अ‍ॅडजस्टेबल आर्म बसवले, चारही शॉक (चाकांचे धक्के शोषणाऱ्या नळ्या) उघडून ४०० सीएसटी दाटपणाचं तेल भरलं, पुढे दीड आणि मागे दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर लावला, म्हणजे चाकांचा माथा तेवढा आत कलता ठेवला. नव्या डिजिटल अँगल गेजवर दोन्ही बाजू दशांशापर्यंत सारख्या. तरी रविवारी सकाळी मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत गाडी सरळ सोडली की वीस पावलांत गटाराकडे. शिवाय डाव्या वळणात मागून सुटायची आणि उजव्या वळणात नाक बाहेर काढायची. रिमोटवरच्या ट्रिमच्या, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य सरकवणाऱ्या बटणाच्या, चार टिचक्या उजवीकडे देऊन मी दोन रविवार ढकलले, हे लाजत कबूल करतो. ट्रिम म्हणजे तापावर नुसती गोळी. थ्रॉटल सोडला की तीच गाडी उजवीकडे जायला लागली.

आधी संशय रस्त्यावर गेला. पावसाचं पाणी कडेला जावं म्हणून डांबरी रस्ता मधून उंच असतो, तेव्हा कडेने चालवली तर कुठलीही गाडी खाली घसरणारच. म्हणून त्याच पट्ट्यावर जाताना आणि येताना दोन्हीकडून चालवली. रस्त्याचा दोष असता तर ओढ बाजू बदलली असती. ती दोन्ही वेळा गाडीच्या डावीकडेच राहिली. रस्ता निर्दोष सुटला.

मग गुरुवारी रात्री ओट्यावर शॉक उघडून बसलो होतो. बॉल-एंडमधला (शॉकच्या टोकाच्या सांध्यातला) चिमुकला बॉल हातातून निसटला आणि रमतगमत थेट सिंकमध्ये. जाळी होती म्हणून वाचला. मी म्हटलं, "आई, ओटा वाकडा आहे." ती म्हणाली, "वाकडा कसला? गवंड्याने मुद्दाम उतार दिलाय. पाणी काय तुझ्या गाडीखाली साचू देऊ?"

गेज ओट्यावर आडवा ठेवला : ०.६ अंश. सिंककडे.

आता नीट बघा. हा गेज ओट्याच्या पृष्ठभागाला ओळखत नाही, तो फक्त गुरुत्वाकर्षण ओळखतो. मी तो एकदाही ओट्यावर ठेवून शून्य केला नव्हता. गाडीचं तोंड माझ्याकडे, सिंक माझ्या डाव्या हाताला. अशा वेळी दोन्हीकडे दीड दिसत होतं, तेव्हा खरं होतं डावीकडे ०.९ आणि उजवीकडे २.१. मागची चाकं मोजायला गाडी फिरवली, उतार मात्र तिथेच. म्हणून मागे उलटं झालं : डावीकडे २.६, उजवीकडे १.४. ज्या चाकाला निगेटिव्ह जास्त, ते गाडीला आतल्या बाजूला ढकलतं. म्हणजे पुढचा भाग डावीकडे ढकलला जात होता आणि मागचा उजवीकडे. दोन्हींचा परिणाम एकच, तोंड डावीकडे. इतकी पद्धतशीर चूक मुद्दाम करायची म्हटली तरी जमली नसती.

स्वस्तातली प्लास्टिकची कॅम्बर गुण्या (कॅम्बर मोजायची काटकोनी पट्टी) मी हसत ड्रॉवरमध्ये टाकली होती, ती या बाबतीत प्रामाणिक. ती ज्या पृष्ठभागावर उभी राहते त्यालाच काटकोन धरते. ओटा कलला तर तीही गाडीसोबत कलते. तिला नको असतो तो पिळवटलेला पृष्ठभाग. डिजिटल गेज वापराच, पण आधी शून्य करा.

शुक्रवारी काचवाल्याकडून १० मिमी काचेचा उरलेला तुकडा आणला, कडा घासून घेतल्या. वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवलेली ही फ्लोट काच आपल्या कामापुरती पुरेशी सपाट असते. खाली रबराचे तुकडे आणि जाड कागदाच्या घड्या घालून दोन्ही दिशांना शून्य केली. जुनी झिजलेली चाकं काढून एकाच जोडीची घातली, बॅटरी आणि बॉडी चढवली, गाडी दोनदा दाबून सोडली आणि मग मोजलं.

कॅम्बर दुरुस्त झाला, ओढ निम्म्याहून कमी झाली. पण संपली नाही. डावं वळण अजून सुटतच होतं.

इथे ट्वीक, म्हणजे चाकांवरच्या भाराचा कोनाकोनी फरक, बघायचं सुचलं. चॅसीच्या बरोबर मध्यावर मागून पेचकसाचं टोक लावून हळूच उचला. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून एकदम सुटली पाहिजेत. माझं डावं आधी सुटलं, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यावर भार जास्त आणि कोनाकोनी पुढच्या डाव्यावरही. चारही शॉकना प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या) क्लिपा सारख्याच. मग चारही शॉक ओळीने कॅलिपरखाली. मागचा उजवा ०.५ मिमी लांब! तेल भरताना त्याचा बॉल-एंड मीच एक आटा कमी फिरवला होता. पक्कडीने एक फिरकी मारली आणि तीन आठवड्यांचा हिशेब मिटला.

कॅलिपरबद्दल : मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन स्टीलचा साधा व्हर्नियर घ्या. माझा स्वस्त डिजिटल बंद असतानाही बटण सेल खातो आणि ऐन वेळी कोरा चेहरा करतो.

काल सकाळी ट्रिम शून्यावर आणली आणि स्टिअरिंगवरून बोट काढून गल्लीच्या टोकापर्यंत सोडली. गेली, सरळ! दूधवाल्याची सायकल आली म्हणून ब्रेक मारला, तोही सरळ बसला. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पूर्ण थ्रॉटलला अजून अगदी किंचित डावीकडे जाते. ते शाफ्ट ड्राइव्हच्या पिळाचं असावं. मोटर आणि मधला शाफ्ट लांबीच्या दिशेने फिरतात, त्यामुळे जोर दिला की चॅसी एका बाजूला झुकते. तेवढं चालेल.

सेटअप स्टेशन (चाकांचे कोन मोजायचा संच) मागवायचं ठरलं होतं, ते रद्द. त्या पैशांत चार छोटे स्वयंपाकाचे काटे घेऊन कोपऱ्यांची वजनं करावीत म्हणतो. थांबा, हे लिहिता लिहिताच वाटलं, चार कशाला? काटा एकच, आणि उरलेल्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीचे लाकडी ठोकळे. काटा चारही कोपऱ्यांत फिरवायचा. बॅटरी आणि मोटर दोन बाजूंना बसतात, तेव्हा डाव्या-उजव्या वजनाचाही फरक कळेल. सुताराकडून ठोकळे उद्या घेतो. काटा आईचा आहे, आणि भाजणी मोजायला तो तिला शनिवारपर्यंत परत हवाय.