कोरडी फरसबी, सिचुआनची
आज कढईत गानब्येन सिजीदोउ, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातली कोरडी परतलेली फरसबी. सगळा खेळ पाण्याचा. 300 ग्रॅम फरसबी शिरा काढून, धुऊन, फडक्याने अगदी कोरडी पुसायची. ओल राहिली की तेल उडतं आणि शेंग नुसतीच वाफेवर शिजते. दोन-तीन मोठे चमचे तेल, मध्यम आच, 8-10 मिनिटं, सालीवर सुरकुत्या आणि तपकिरी डाग येईपर्यंत. कढई भरगच्च नको. घाई तर नकोच: अर्धकच्च्या फरसबीतल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या होऊ शकतात. शेंगा काढून त्याच तेलात सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी (आपल्या तिरफळाची चुलतबहीण, करपली की कडू), लसूण, थोडा पोर्कचा खिमा, सिचुआनमधल्या यिबिन शहराचं याचाय (मोहरीच्या जातीची खारवलेली भाजी). ते मुळातच खारट, म्हणून मीठ शेवटी, चाखूनच. शेंगा परत टाकून मिनिटभर हलवा. कॉर्नफ्लॉवरचा रस्सा? अजिबात नाही.