तुम्ही विचारलंत म्हणून: फोनमधलं सगळं टॅबलेटवर कसं न्यायचं?

नवा टॅबलेट घेतलेले बरेच जण मला विचारतात, फोनमधली ॲप्स आणि सेटिंग्ज जशीच्या तशी टॅबलेटवर कशी न्यायची? रीत सोपी आहे, ती आधी सांगते. पण सगळं नेऊ नका, हेही मी प्रत्येकाला सांगते, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

दोन्ही अँड्रॉइड असतील तर टॅबलेट पहिल्यांदा सुरू करताना, वायफाय जोडल्यावर, ॲप्स आणि डेटा कॉपी करण्याचा पर्याय येतो. तिथे फोन केबलने जोडा किंवा गूगल खात्यातला बॅकअप, म्हणजे तिथे साठवलेली फोनमधल्या माहितीची प्रत, निवडा. बॅकअप निवडलात तर टॅबलेट फोनच्या लॉकचा पिन किंवा पॅटर्न मागेल. इथे पुष्कळ जण दचकतात आणि सगळं बंद करून टाकतात. घाबरायचं कारण नाही. 2018 साली आलेल्या अँड्रॉइड 9 पासून ॲप्सचा बॅकअप या पिनच्याच आधारे कुलूपबंद होतो, म्हणून उघडायलाही तोच लागतो. फोनवर अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि टॅबलेटवर जुनी असेल, तर मात्र बॅकअप उतरत नाही. आधी टॅबलेट अपडेट करावा लागतो.

आयफोन आणि आयपॅड असतील तर दोन्ही जवळ ठेवा. आयपॅडवर फिरणारे ठिपके दिसतील, ते फोनच्या कॅमेऱ्यात धरा आणि पुढे आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीतला, बॅकअप निवडा. अँड्रॉइड फोनवरून आयपॅडवर जाण्यासाठी ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप आहे, पण विकत घेतलेली ॲप्स त्यातून येत नाहीत, ती पुन्हा घ्यावी लागतात.

एवढं करूनही काही ॲप्स रिकामी का उघडतात? अँड्रॉइडच्या बॅकअपमध्ये ॲप्स नसतात, असते ती त्यांची यादी. टॅबलेट त्या यादीवरून एकेक ॲप प्ले स्टोअरमधून नव्याने उतरवून घेतो आणि मग साठवलेली माहिती त्यात भरतो. त्या माहितीसाठी दर ॲपला 25 एमबी जागा मिळते, आणि माहिती बॅकअपमध्ये द्यायची की नाही हे ॲप बनवणारे ठरवतात. त्यामुळे एखादं ॲप होतं तिथून पुढे सुरू होतं, तर दुसरं पुन्हा लॉगिन मागतं. बँकांची ॲप्स तर बहुधा काहीच बाहेर जाऊ देत नाहीत. फोनच्या सुरक्षित चिपमध्ये तयार झालेल्या डिजिटल किल्ल्या, म्हणजे कुलूपबंद माहिती उघडणारे गुप्त कोड, तिथून बाहेर पडत नाहीत, बोटांचे ठसेही नाहीत. याचा त्रास होतो, पण ही तुमचीच राखण आहे. बॅकअपमधून सगळं निघून जाऊ शकलं असतं, तर ते भलत्याच्या हातीही गेलं असतं.

आणि मुळात सगळं न्यायचं कशाला? टॅबलेट हा फोनचा वारस नव्हे, फोन तुमच्या खिशात राहणारच आहे. सगळी ॲप्स नेलीत तर प्रत्येक सूचना दोनदा वाजते, जागा भरते, आणि फक्त फोनसाठी बनवलेली ॲप्स मोठ्या स्क्रीनवर ताणल्यासारखी दिसतात. माझं स्पष्ट मत असं, की फक्त खातं जोडा. ईमेल, संपर्क, कॅलेंडर आणि खात्यात जपलेले पासवर्ड त्याच्याबरोबर येतात. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ॲप्स आणि डिव्हाइसच्या व्यवस्थापनात जा. आधी कधी वापरलेली, पण या टॅबलेटवर नसलेली ॲप्स तिथे सापडतात. वाचायची, बघायची, चित्र काढायची तेवढी निवडा. पैसे देऊन घेतलेली ॲप्स त्याच खात्यावर पुन्हा फुकट उतरतात. सुरुवातीचा पर्याय हुकला असेल तरी ही वाट उघडी असते, त्यासाठी टॅबलेट रीसेट करत बसू नका.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र कळकळीने सांगते. टॅबलेटवर आपला नंबर टाकून नव्याने नोंदणी करू नका, केलीत तर फोनवरचं व्हॉट्सॲप बंद होईल. टॅबलेटवर क्यूआर कोड दिसेल, तो फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन करा. अँड्रॉइड टॅबलेटवर ही सोय 2023 पासून आहे, आयपॅडवर 2025 पासून. त्यानंतर फोन 14 दिवसांहून जास्त वापरलाच नाही, तर टॅबलेटवरून आपोआप लॉगआउट होतं.

टॅबलेट मुलांच्या किंवा घरातल्या इतरांच्याही हाती जाणार असेल, तर खातं जोडण्याआधीच विचार करा, कारण तुमचे फोटो आणि ईमेल त्याच खात्यातून उघडतात. बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर सेटिंग्जमध्ये प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता तयार करता येतो, तो पहिल्याच दिवशी करून द्या.