तू फनी गाणं घे

आमच्या हौशी कॅबरे ग्रुपमधे गाणी वाटायची वेळ आली की ज्याचा आवाज बरा त्याला प्रेमाचं गाणं मिळतं, ज्याचा फारच बरा त्याला विरहाचं, आणि मग माझ्याकडे बघून सगळे एका सुरात (एरवी कधी लागत नाही तो सूर) म्हणतात, "तू फनी गाणं घे ना!" यात कौतुक किती आणि सोय किती हे मला चांगलं कळतं, तरी मी दर वेळी खूश होऊन हो म्हणते आणि मग दोन आठवडे डोक्याला ताप करून घेते.

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जुन्या सिनेमातली पिसं लावून नाचणारी बाई येते, तर ते हे नव्हे. छोटीशी खोली, टेबलं, मंद दिवे, एक पियानो आणि एकेकाने उठून गायचं, एवढंच. पॅरिसमधे मोंमार्त्रला १८८१ साली रोदोल्फ सालीने 'ल शा न्वार', म्हणजे काळं मांजर, नावाचं कॅबरे काढलं तेव्हापासून साधारण हाच प्रकार चालू आहे. आणि यातली गंमत म्हणा की संकट म्हणा, समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. मोठ्या थिएटरात पहिल्या रांगेच्या पुढे सगळा काळोख, कोण हसलं कोण नाही काही दिसत नाही, इथे मात्र न हसणारा माणूस चष्म्यासकट दिसतो.

तर मी नेहमीप्रमाणे म्युझिकल्समधली, म्हणजे इंग्रजी संगीत नाटकांमधली, गाजलेली विनोदी गाणी काढून बसले. पहिली उडी अर्थातच गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्लंडच्या विनोदी ऑपेरावाल्या जोडीच्या त्या मेजर जनरलच्या गाण्यावर, १८७९ चं, आपल्याला जगातलं सगळं येतं (फक्त लष्करातलं सोडून) हे तो फडाफडा सांगत सुटतो ते. वाटलं पाठांतर चांगलं आहे आपलं, जमेल. घरी आरशासमोर जमलंही. प्रॅक्टिसला पियानोवरच्या बाईंनी जो वेग धरला त्यात मी दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचले आणि तिसऱ्यात मला फक्त धाप लागलेली ऐकू येत होती. बाई थांबल्या नाहीत, शेवटपर्यंत वाजवून मग म्हणाल्या, "अगं, लोक टाळ्या वाजवतील गं, पण तू वाचलीस म्हणून." मुद्दा बरोबर होता. त्या गाण्यात लोक शब्दांना कमी आणि कसरतीला जास्त दाद देतात.

मग 'स्वीनी टॉड'मधलं ते माणसांच्या मांसाच्या पाईंचं गाणं. मला मनापासून आवडतं, एकेका धंद्यातला माणूस चवीला कसा लागेल यावर नुसत्या कोट्या. पण ते पहिल्या अंकाच्या शेवटी येतं, तोपर्यंत प्रेक्षकाने एक खून बघितलेला असतो, न्हाव्याचं डोकं कसं फिरलं ते बघितलेलं असतं, नंतर तो आणि पाई विकणारी बाई या दोघांच्या डोक्यात ती भयंकर आयडिया येते आणि लोक दचकून हसतात. मागचं सगळं काढून टाकलं तर खोलीतल्या माणसाला वाटणार ही बाई मेनूकार्ड वाचतेय. शिवाय ते दोघांचं गाणं, आणि दुसरा न्हावी कुठून आणू.

'वेस्ट साइड स्टोरी'मधलं ऑफिसर क्रपकीचं गाणं, टोळीतली पोरं पोलिसाची टर उडवतात ते, तर याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणावं असं आहे. १९५७ च्या नाटकात ते दुसऱ्या अंकात येतं, दोन पोरं मेल्यानंतर, आणि १९६१ च्या सिनेमात तेच उचलून मारामारीच्या आधी आणलं. गाणं तेच, चाल तीच, पण एकीकडे ती पोरं भीती दडवायला दात काढतात आणि दुसरीकडे नुसता टवाळपणा करतात. म्हणजे हसू बरंचसं गाण्याच्या अलीकडे पलीकडे ठेवलेलं असतं, आणि कॅबरेत तर अलीकडे कुणीतरी विरह गाऊन बसलेलं असतं आणि पलीकडे मध्यंतर.

इथे मी स्वतःसाठी एक नियम केला. गाण्याआधी जी प्रस्तावना करावी लागते ती पहिल्या कडव्यापेक्षा लांब झाली तर ते गाणं आपलं नाही. "म्हणजे काय आहे ना, या नाटकात एक राजा असतो आणि त्याच्या बहिणीचा..." इथवर आलं की टेबलावरचे लोक मोबाईल उलटा करून वेळ बघायला लागतात.

(नुसत्या नावावर तर अजिबात जाऊ नये. आमच्यातल्या एका नवीन मुलाने 'सेंड इन द क्लाउन्स' घेतलं होतं, विदूषक आहेत म्हणजे हसवणारंच असणार म्हणून. १९७३ चं, 'स्वीनी टॉड'वाल्या साँडहाइमचं गाणं, हातातून निसटलेल्या माणसाबद्दलचं. मूळ नटीला लांब सूर धरून ठेवता यायचे नाहीत म्हणून त्याने ओळी मुद्दाम तोकड्या लिहिल्या होत्या. या बिचाऱ्याने प्रत्येक तोकड्या ओळीनंतर हशाची वाट बघितली. खोलीत दोन बायका रडत होत्या.)

'गाईज अँड डॉल्स'मधल्या अ‍ॅडलेडचं गाणं जवळजवळ ठरलंच होतं. चौदा वर्षं साखरपुड्यावर अडकलेली बाई वैद्यकाचं पुस्तक वाचून शोध लावते की आपली सर्दी लग्न होत नाही म्हणून जात नाहीये. काय सुंदर गाणं आहे! ती एकदाही विनोद करत नाही, तिची सर्दी खरी आहे, तिचा वैताग खरा आहे, आणि म्हणून आपण हसून हसून मरतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की मी आत्तापर्यंत फनी गाणं शोधत होते आणि शोधायला हवा होता एक त्रासलेला, स्वतःला शंभर टक्के सिरियसली घेणारा माणूस. पण ते गाणं प्रत्येक ऑडिशनमधे कुणी ना कुणी गातंच, आणि तो न्यूयॉर्कचा नाकातला उच्चार माझ्या तोंडातून असा काही निघाला की बाईंनी विचारलं, "तुला खरंच सर्दी झालीये का?"

शेवटी बाईंनीच त्यांच्या पिवळ्या पडलेल्या कागदांतून एक काढून दिलं. रॉजर्स (चाल) आणि हार्ट (शब्द) या जोडीचं, 'अ कनेटिकट यांकी'मधलं. म्युझिकल मूळ १९२७ चं, पण हे गाणं १९४३ मधे ते परत रंगमंचावर आणलं तेव्हा नवीन लिहिलेलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हार्ट गेला. एक खानदानी बाई शांतपणे सांगते की मी एकाही नवऱ्याशी बेइमानी केली नाही, कंटाळा आला की त्याला मारून टाकलं, बस. एकाला झोप येत नव्हती, त्याला विष देऊन झोपवलं. एक फार गायचा पाखरासारखा, त्याला उडता येतं का बघायला गच्चीतून ढकलला. प्रस्तावना शून्य! कडवी सुटी सुटी, दोन नवरे गाळले तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि चाल इतकी सभ्य की शब्द ठेवायला भरपूर जागा.

मग खरं काम. मी म्हटलं पट्टी काळी पाच ठेवू, बाई म्हणाल्या बी फ्लॅट, तेच ते, पण उंच होतं, कारण वरच्या सुरात इ, ए, उ सगळे 'आ'सारखेच ऐकू येतात आणि विनोदातला शब्द गेला की विनोद गेला. म्हणून बोलण्याच्या आवाजाजवळ येईपर्यंत खाली आणलं. यमक हीच इथली सम, नवरा नेमका समेवर मरायला पाहिजे, अर्धी मात्रा आधी मेला तरी वाया गेला. बाईंनी कागदावर पेन्सिलीने प्रत्येक मरणापाशी छोटा गोल केला, हशा आला तर तिथे त्या दोन बार (तालाची दोन आवर्तनं म्हणा) परत परत वाजवत राहणार आणि मी काहीही करायचं नाही. "हसायचं नाहीस, भुवईसुद्धा नाही," असं बजावून वर. काहीही न करणं मला सगळ्यात जड गेलं.

कार्यक्रमात पहिल्या गोलावर कुणी हसलं नाही. दुसऱ्यावर मागच्या बाजूला एक खोकला आला, तो हशा होता की खोकला ते अजून ठरलेलं नाही. गच्चीवाल्याला मात्र ढकलला आणि खोली फुटली, बाई दोन बार वाजवतायत, परत वाजवतायत, मी खांबासारखी उभी. पुढचं कडवं ड्रिंक मागणाऱ्या नवऱ्याचं, त्याच्या ग्लासात काय कालवलं ते सांगायचं. अगदी समोरच्या टेबलावर एक जोडपं होतं, बायको डोळे पुसत हसत होती. नवऱ्याने ओठापर्यंत नेलेला ग्लास खाली घेतला, आत बघितलं, आणि हळूच टेबलाच्या मधोमध सरकवून ठेवला.