तुम्ही विचारलंत म्हणून : विम्याची एजन्सी घ्यायला सुरुवातीला किती पैसे घालावे लागतात?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. गेल्या महिन्यात उचगावच्या एक वहिनी बी.कॉम. झालेल्या मुलीला घेऊन बेळगावात शहापूरला माझ्या घरी आल्या. मुलीला एका विमा कंपनीच्या माणसाने एजन्सी घेण्यासाठी गळ घातली होती. "काय घालावं लागत नाही म्हणायलाय तो, नुसती परीक्षेची फी भरा म्हणे. खरं आम्हाला भरोसा वाटंना, अक्का. तुम्ही वीस वर्षं झालं करायलाय, तुम्हीच सांगा बघू." चहा होईपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे मी सांगितले, पण ते अपुरे होते याची रुखरुख राहिली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्या माणसाने सांगितलेले खोटे नाही. पावती मिळते तो खर्च खरोखरच किरकोळ आहे. मी २००४ साली सुरुवात केली तेव्हा लायसन्सची फी २५० रुपये होती आणि त्याआधी १०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. पाच हजारांहून अधिक वस्तीच्या ठिकाणी राहणाऱ्याला बारावीची अट होती, लहान गावातल्या माणसाला दहावी पुरे होई. आता प्रशिक्षण २५ तासांवर आले आहे, दहावी पास असले की चालते, परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ३५ टक्क्यांना माणूस उत्तीर्ण होतो. एवढ्यावर कोणाचे दिवाळे निघत नाही. पण ज्याची पावती कोणी देत नाही, अशा खर्चाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो तुमच्याकडून पहिली कमाई हातात पडण्याच्या आधीच वसूल होतो.

माझी त्या पहिल्या वर्षाची वही अजून कपाटात आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तोवर तिच्यात शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची मापे लिहीत असे, ती मागून उलटी करून मी खर्च लिहायला सुरुवात केली. पहिली नोंद लायसन्सच्या २५० रुपयांची आहे. दुसरी नोंद प्रशिक्षणाच्या महिन्यात परत पाठवलेल्या ब्लाउजांची, म्हणजे बुडालेल्या शिलाईची, सुमारे २,००० रुपये. त्याखाली माझ्या स्वतःच्या पॉलिसीचा ६,००० रुपयांचा हप्ता आहे, कारण प्रशिक्षणाच्या तिसऱ्याच दिवशी आम्हाला सांगण्यात आले की, "स्वतःचा विमा नसेल तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?" हा पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही, ती बचत होती आणि पुढे मुलाच्या शिक्षणाला कामी आली; पण ज्या वर्षी नवऱ्याच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या पगारावर घर चालले होते, त्या वर्षी ६,००० रुपये काढणे म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. त्यानंतर बसभाडे आणि रिक्षा ३,६००, फोन २,४००, व्हिजिटिंग कार्डे आणि डिसेंबरात वाटायच्या नाव छापलेल्या डायऱ्या १,९००. आणि शेवटी ६,७५० रुपयांची एक नोंद आहे, तिच्यापुढे मी काहीच लिहिलेले नाही. ती काय होती ते पुढे सांगते. एकूण २२,९००. उजव्या पानावर वर्षभराचे कमिशन आहे : १८,२००.

म्हणजे मी वर्षभर उन्हातान्हात हिंडले आणि वर पदरचे ४,७०० रुपये घातले. हा आकडा मी कोणाला सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही.

त्या ६,७५० रुपयांबद्दल. ग्राहक पॉलिसी घ्यायला तयार होतो, फॉर्मवर सही करतो आणि मग म्हणतो, "पहिला हप्ता तुम्ही घाला, पुढचे आम्ही भरतो की." समजा वर्षाचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि तो तिमाहीने भरायचा ठरला आहे, तर पहिल्या वेळी ३,००० रुपये भरावे लागतात. पहिल्या वर्षाचे कमिशन २५ टक्के धरले तर त्यातले ७५० रुपये एजंटाच्या हाती येतात. ग्राहकाने पुढचा हप्ता भरलाच नाही, तर २,२५० रुपये गेले, आणि पॉलिसी बंद पडली म्हणून कंपनीच्या साहेबांचे बोलणे खावे लागते ते वेगळेच. मी पहिल्या वर्षी सात जणांचे हप्ते असे भरले. चौघांनी परत दिले. तिघांनी दिले नाहीत, त्यांचेच ते ६,७५० रुपये, आणि ते तिघेही इतके जवळचे होते की मागायला जीभ रेटेना.

हे करणे चूक होते, आणि नुसती हिशेबाची चूक नव्हती. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे ग्राहकाला कमिशनातला वाटा देणे किंवा हप्त्यात सूट देणे हा गुन्हा आहे, आणि हे प्रपोजल फॉर्मवरच, म्हणजे विम्याच्या अर्जावरच, छापलेले असते. पूर्वी त्याचा दंड ५०० रुपयांपर्यंत होता, त्यामुळे कोणी मनावर घेत नसे. २०१५ च्या दुरुस्तीने तो १० लाखांपर्यंत नेला आहे. "सगळेच करतात" असे तुमच्या मुलीला कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याला हे कलम वाचून दाखवायला सांगा. दंड भरायची वेळ आली तर तो सांगणारा भरणार नाही, ज्याची सही आहे तो भरणार.

आता सगळ्यांत मोठ्या खर्चाकडे येते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हातात एक कोरा फॉर्म देऊन ओळखीच्या १०० माणसांची नावे लिहायला सांगण्यात आले. मला वाटले, हा सराव आहे. सासरची, माहेरची, गल्लीतली, भिशीतली, मुलाच्या शाळेतल्या बायांची अशी नावे मी मन लावून लिहिली. पहिल्या वीसात मामा, मावशा, नणंदा आणि चुलत दीर होते. पुढच्या सहा महिन्यांत माझे सगळे काम त्या वीस नावांवर झाले. साहेब स्वतः गाडीवरून माझ्यासोबत खानापूरला, नंदगडला, कडोलीला आले, माझ्या नातेवाइकांच्या सोप्यावर बसून चहा प्याले आणि माझ्या शब्दावर फॉर्म भरून घेऊन गेले. यादी संपली तसे त्यांचे येणे कमी झाले. तेव्हा मला कळले की माझ्याकडून कंपनीने फी कमी घेतली याचे कारण काय होते. मी भरायचे ते त्या कागदावर लिहून दिले होते. नवीन एजंट वर्षभरात सोडून गेला तरी त्याची वीस माणसे तिथेच राहतात, आणि पुढच्या महिन्यात दुसरा कोणी कोऱ्या फॉर्मसमोर बसलेला असतो.

नंदगडच्या मामाने केवळ माझ्यासाठी पॉलिसी घेतली होती. दोन वर्षे त्याने हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी पावसाने भात गेले आणि हप्ता राहिला. त्या काळी तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरल्याशिवाय पॉलिसीला काहीच मूल्य येत नसे. (आता नियम बदलले आहेत, १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षाचा हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत मिळण्याची सोय झाली आहे.) मामा एका शब्दाने बोलला नाही. मामी मात्र गणपतीला गेले तेव्हा मला पाणी देऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला आजही कळलेले नाही, पण मुलीला या कामात घालण्यापूर्वी आईबापांनी तो धरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या भागात आणखी एक खर्च आहे, जो पुण्या-कोल्हापूरच्या एजंटाला सहसा पडत नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा हवा असेल तर जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नाडकचेरीतला (महसूल कार्यालयातला) दाखला कन्नडमध्ये, आणि ग्राहक मराठी. उताऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला की फॉर्म परत येतो आणि तुमचा एक दिवस जातो. ज्याला कन्नड वाचता येत नाही, त्याला दर वेळी कोणाच्या तरी पाया पडावे लागते. मी चाळिशीत कन्नड लिहायला-वाचायला शिकले, आणि ते आधी शिकले असते तर पहिल्या दोन वर्षांतले कितीतरी हेलपाटे वाचले असते.

काहीजण मला म्युच्युअल फंडाबद्दल विचारतात, कारण तिथे नातेवाइकांच्या गळ्यात पडावे लागत नाही असा समज आहे. माझ्या पुतण्याने निपाणीत ते काम सुरू केले, तेव्हा परीक्षेची फी १,५०० रुपये होती, वर नोंदणीचे शुल्क वेगळे, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. पण शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद केल्यापासून जे मिळते ते ग्राहकाच्या शिल्लक रकमेवर, थोडे थोडे मिळते. त्याला मी कागदावर मांडून दाखवले होते : पहिल्याच महिन्यात २० ग्राहक मिळाले, प्रत्येकाने महिन्याला १,००० रुपये घातले, आणि कमिशन वर्षाला एक टक्का धरले, तर बाजाराची चढउतार सोडून पहिल्या वर्षभराचे मिळून १,३०० रुपये होतात. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. दहा वर्षे टिकला तर हे काम चांगले आहे, पण ती दहा वर्षे येईपर्यंत पेट्रोल कोण घालणार हे आधी ठरवावे लागते. पुतण्याचे वडिलांचे दुकान आहे, म्हणून त्याला जमले.

पिग्मीचे, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करायचे काम तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोज दोन आणे गोळा करायची ही पद्धत सुरू केली, आणि आज खडेबाजारात दुपारनंतर उभे राहिलात तर वही किंवा मशीन घेतलेला पिग्मीवाला दिसल्याशिवाय राहत नाही. माझ्या शेजारच्या मुलाने, वडगावात यंत्रमागावरचे काम सुटल्यावर, एका सोसायटीची पिग्मी घेतली. त्याच्याकडून २५,००० रुपये अनामत आणि सही केलेले दोन कोरे धनादेश घेतले गेले. अनामतीची पावती मिळाली, धनादेशांची मिळाली नाही. काम सोडल्यावर अनामत परत मिळायला अकरा महिने लागले आणि धनादेश अजून मिळालेले नाहीत. दुकानदार दोन दिवस नसला की खाते चालू दिसावे म्हणून त्याचे पैसे हा खिशातून भरायचा, आणि महिन्याच्या शेवटी त्यातले काही परत मिळायचे. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. बँकांच्या अशा संकलकांचे प्रकरण हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणासमोर चालले होते आणि १९८८ च्या निवाड्यात त्यांना कमिशनाशिवाय प्रवासभत्ताही द्यावा असे म्हटले गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संकलक कामगारच आहेत हे मान्य केले. तो निवाडा बँकांपुरता होता, पण दारोदार हिंडायला पैसे लागतात आणि ते हिंडणाऱ्याच्या खिशातून जातात, हे न्यायासनाने ओळखले होते एवढे तरी त्यावरून दिसते.

आणि जिथे हॉटेलात सभा भरवून आधी किट, बॅग, ओळखपत्र किंवा सदस्यत्व म्हणून हजारो रुपये मागतात आणि "दोन माणसं आणा" म्हणतात, तिथे हिशेब मांडत बसू नका, उठून घरी या. नव्या माणसांच्या भरतीवर पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

उचगावच्या वहिनींना मी त्या दिवशी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या : कंपनीच्या माणसाने मागितलेल्या प्रत्येक पैशाची कंपनीच्या नावाने पावती मिळेल का, वर्षाला किमान किती व्यवसाय आणावा लागतो आणि तो न झाल्यास काय होते, हे लेखी मिळेल का, आणि पहिले सहा महिने काही मिळाले नाही तर घर कशावर चालेल. पहिल्या दोन्हींची उत्तरे कंपनीने द्यायची आहेत, तिसऱ्याचे घरात बसून द्यायचे आहे. कमिशनातून कर कापला जातो आणि तो परत मिळवायला दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते, हेही सांगायचे राहिले होते, तेव्हा ते इथे सांगते.

परवा शनिवारी बाजाराच्या गर्दीत मुलगी एकटीच आली. तिने वही आणली होती, आणि मी सांगण्यापूर्वीच पहिल्या पानावर १०० नावांऐवजी ३१ नावे लिहिली होती. नात्यातले एकही नाव नव्हते. मी विचारले तर म्हणाली, "त्यांच्याकडं दोन वर्षांनी जाते, अक्का. तवर मला काम येतंय की नाही ते कळंल." बटाट्याचे पैसे आले की वडील सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवणार आहेत, आणि त्यानंतरच ती परीक्षेचा फॉर्म भरणार आहे.