भिंतभर आरसा काढायचा तर आधी त्याची पाठ ओळखा

जुना फ्लॅट घेतला की हॉलच्या भिंतीवरचा मोठा आरसाही पदरात पडतो. जेवायला बसलं तरी समोर आपणच, देवापुढं बसलं तरी आपणच. काढून टाकूया म्हणणं सोपं आहे, पण तो कशानं धरलाय हे न बघता ओढलात तर काच जाते, भिंत जाते आणि हातही कापतो.

आधी वजन काढा. काचेच्या एका चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागं अडीच किलो वजन असतं. जाडी कळायला पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत 7 मिलिमीटरच्या आसपास फट दिसली तर काच 5 मिलिमीटरची. अशा काचेचा 4 बाय 6 फुटांचा आरसा साधारण 28 किलो भरतो. दोघं हवेतच, त्याहून मोठा असेल तर तिघं.

आता पाठ. कोपऱ्यांत गोल चकचकीत टोप्या असतील तर आत स्क्रू आहेत. टोपी उलटी फिरवली की निघते, अडलीच तर फडकं गुंडाळून पक्कडीनं फिरवा. खालचे स्क्रू आधी काढायचे, वरचे सगळ्यांत शेवटी, आणि तोवर एकानं आरसा दोन्ही हातांनी दाबून धरायचा. सगळे स्क्रू निघूनही आरसा हलत नसेल तर मागं सिलिकॉन, म्हणजे रबरासारखा वाळणारा गोंद, आहे. तिथं जोर लावू नका.

चिकटवलेल्या आरशाला प्रथम दोन इंची पॅकिंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या वीत-वीत अंतरावर मारा. काच फुटली तरी तुकडे टेपला धरून राहतात. खाली जाड वाकळ अंथरा. जाड हातमोजे, चष्मा, बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट यांत सूट नाही. मग गिटारची सर्वांत जाड, गुंडाळीची तार घ्या. साध्या गुळगुळीत तारेपेक्षा ती सिलिकॉन चांगली कापते. दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधा, तार वरच्या कडेमागं सरकवा आणि दोघांनी करवतीसारखी पुढं-मागं ओढत खाली या. तार भिंतीला घासत ठेवायची, काचेला नाही. जिथं अडते तिथं सिलिकॉनचा गोळा असतो. तिथं घाई केली की तार तुटते, म्हणून लहान-लहान फेऱ्या मारा. वरचा भाग सुटला की आरसा पुढं झुकू पाहतो, तेव्हा धरणाऱ्यानं हात काढायचा नाही. खाली ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती शेवटपर्यंत राहू द्या, सगळं वजन तिच्यावर असतं. सुटलेला आरसा उभाच न्यायचा. आडवा धरला की स्वतःच्या वजनानं मधोमध मोडतो.

हेअर ड्रायर फिरवा म्हणजे निघतो, असं सर्रास सांगतात. फोमच्या दुहेरी टेपला ते खरं आहे, उबेनं गोंद सैल होतो. सिलिकॉनला त्या उबेचं काही वाटत नाही. उलट एकाच जागी तापलेली काच तडकते.

भिंतीचं नुकसान बहुतेक वेळा पुट्टीत होतं. सिलिकॉनची पकड पुट्टीपेक्षा घट्ट असते, त्यामुळं पापुद्रे निघून खाली प्लास्टर उघडं पडतं. उरलेलं सिलिकॉन घासून घालवायच्या नादी लागू नका. त्याचा थर राहिला तर त्यावर ना पुट्टी बसते ना रंग. धारदार पटाशीनं तो ठिपका थोड्या पुट्टीसकट कापून काढा. खोल खड्डे 1:3 सिमेंट-वाळूनं भरा. वरवरचे असतील तर पुट्टीचे दोन पातळ हात, दोन्हींत एक रात्र. नंतर पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

हे काम फेब्रुवारी ते मे यांत उरका. आपल्याकडं जूनपासून पाऊस लागला की भिंती ओल धरतात, पुट्टी वाळत नाही आणि घाईनं दिलेला रंग फुगतो. आरशामागं पांढरा लोणा, म्हणजे ओलीमुळं फुललेला क्षार, दिसला, शिवाय पलीकडं बाथरूम असेल, तर आधी तिथली गळती बघा.

भाड्याचा फ्लॅट असेल तर काढूच नका, मालकाकडं ठेवलेल्या ॲडव्हान्समधून पैसे कापले जातील. साबणाच्या पाण्यावर फ्रॉस्टेड फिल्म चिकटवा, जाताना सोलून निघते. वर पडद्याचा दांडा लावला तरी भागतं.

आरसा अखंड निघाला आणि दुसरीकडं लावायचा असेल तर दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. आंबट वासाचं सिलिकॉन पाठीचा मुलामा खातं आणि काही दिवसांनी समोरून काळे डाग दिसू लागतात.

फुटलाच तर तुकडे कचऱ्याच्या पिशवीत तसेच टाकू नका. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, चारी बाजूंनी टेप मारा आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत ‘काच’, कर्नाटकात राहत असाल तर शेजारी कन्नडमध्ये ‘गाजु’ लिहा. घंटागाडीवरचे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, खोकी हातानं उचलतात.